जगूची माती

रखमा उंबऱ्याबाहेरच थांबली. आत या म्हटलं तरी येईना. सुतक होतं. तिनं पदराचं टोक दोन्ही हातांनी पिळून धरलं होतं आणि उर्मिलेचे हात खळीनं बरबटलेले होते. त्यामुळे कुणी कुणाचा हात धरायचा प्रश्नच आला नाही.

"बाई, तुमी पोरांक मातीचे लाडू करूक शिकवतास मां?"

"हो. का हो?"

"मगे आमच्या जगल्याक नीट शिकवा. धाव्याक तेच्या हातान पिंड व्हयेत. माझ्या दौलताक अग्नी परक्यान दिली. चुलतो गावाक, बोटी बंद. आता धाव्याक तरी पोराचो हात लागूक व्हयो. भटजी म्हणता, बोटां वळली नाय तर भात फुटता." मग तिनं आवाज उतरवला. "कशाक ता तेका सांगू नकात. बाबा गावाक गेलो, असा सांगलेला आसा. कळला तर तो थंय बसूचोच नाय."

"हो," उर्मिला म्हणाली.

रखमा जिना उतरून मागच्या चाळीत गेली. उर्मिला दारातच उभी. आपण कशाला हो म्हटलं हे तिला हळूहळू कळत गेलं, बोटांवर खळ वाळते तसं, आधी नुसतं ओढल्यासारखं आणि मग घट्ट. आत तीन मुलं फरशीवर बसली होती. तिची बेबी, खालच्या मजल्यावरची शकू आणि जगू. घोटीव कागदाच्या पट्ट्यांची साखळी चालली होती, तांबडी, हिरवी, तांबडी, हिरवी.

"बाई, कोण होतं?" शकूनं विचारलं. शकू सात वर्षांची. तिला सगळं हवं असायचं.

"कुणी नाही."

"माझी आजी होती," जगू म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "जिना चढली की ती अशी करते." आणि त्यानं रखमासारखा दम टाकून दाखवला. बेबी हसली. मग तिघंही दम टाकत बसली.

सुट्टी म्हणायची ती मुलांनी. मुंबई महाराष्ट्रात नाही असं रेडिओवर सांगितलं त्या रात्रीपासून गिरगावात कुणी नीट झोपलं नव्हतं. शाळेच्या फाटकाला कुलूप. बसगाड्या बंद. रस्त्यावर काचा, दगड, चपला, एकेकट्या, जोड नसलेल्या. संचारबंदी उठली की बायका दुधाला धावायच्या, आणि पुन्हा लागली की सगळी वाडी गॅलऱ्यांत उभी राहून कुठून आवाज येतो ते ऐकायची. दौलत नाक्यावर पडला. वाडीतली पोरं म्हणत, तो घोषणा देत सगळ्यांच्या पुढे होता. रखमा म्हणे, तो विडी आणायला गेला होता. दोन्ही खरं असेल, उर्मिलेला वाटे, माणूस घोषणा देतादेता विडीच्या दुकानाकडे जाऊ शकतो. दौलत तिच्या ओळखीचा असा नव्हता. सकाळच्या पाळीला जाताना नळावर दिसायचा, खांद्यावर जगू. एवढंच. आता नळाकडे बघितलं की तो खांदा दिसे, आणि वर मूल नसे.

ती एका शिशुवर्गात शिकवायची. वर्ग बंद पडला तेव्हा तिनं वाडीतली मुलं आपल्या खोलीत बसवली. गॅलरीत उभी राहून त्यांनी काहीबाही बघू नये म्हणून. प्रशिक्षणातल्या बाई सांगायच्या, मुलाच्या हाताला काम द्या, मन आपोआप जागेवर बसतं. काम नीट आखून द्यायचं. साहित्य, कृती, हेतू. साहित्य: भेंडीचे देठ, कुंकवाचं पाणी, जुनी वर्तमानपत्रं. कृती: ठसे उमटवणे. हेतू: आकारांची ओळख. साहित्य: चिंचोके. कृती: पाच पाचचे ढीग. हेतू: मोजणी. साहित्य: रिकाम्या काडेपेट्या. कृती: कपाट. (शकूनं कपाट केलंच नाही. तिनं काडेपेट्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाली, हा मोर्चा. बेबीनं लगेच ओरडून घेतलं, "झालाच पाहिजे!" जगूनं एक काडेपेटी बोटानं आडवी पाडली. मग पुन्हा उभी केली. मग पुन्हा आडवी. उर्मिलेनं काडेपेट्या गोळा करून फळीवर ठेवल्या.)

साहित्य: शाडूची माती, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली, वाडीतल्या मूर्तिकारानं भाद्रपदात उरलेली दिली ती.

कृती: लाडू वळणे.

हेतू:

हेतूपाशी ती दरवेळी अडायची. मनातल्या मनातसुद्धा तिला तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता, आणि भरताही येत नव्हता.

त्यातून सासूबाई. सासूबाईंनी खुर्चीतून सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, त्यांचं ते घराणंच नव्हतं. "पोरगं बसू दे हो," त्या म्हणाल्या, "जीव तो कुठे जाणार. पण त्याची माती वेगळी काढ. आणि त्यानं वळलेलं काही ह्या घरात रात्रभर ठेवायचं नाही. आपल्याकडे सवाष्ण आहे." सवाष्ण म्हणजे उर्मिलाच. तेव्हापासून जगूचा पाट कोपऱ्यात, खिडकीखाली. जगूच्या मातीला केळीचं पान. जगूला वेगळी वाटी. त्याला वाटलं हा मान आहे. बेबीला आणि शकूलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी बेबी भोकाड पसरून बसली, मलापण पान, मलापण कोपरा. "तू गप्प बस," उर्मिला म्हणाली. तिचा आवाज असा फाटला की शकूनंच बेबीला जवळ घेतलं.

जगूची बोटं खरंच वळत नव्हती. तो माती दोन्ही तळव्यांत धरायचा आणि चिमणी पकडल्यासारखी आवळायचा, मग ती बोटांच्या फटींतून बाहेर यायची. उर्मिला त्याच्यासमोर बसून आपल्या हातावर दाखवायची. तळवा आधी ओला कर. असा. खोलगट कर, द्रोणासारखा. दाबायचं नाही, फिरवायचं. अंगठा वर ठेव. जगू जीभ बाहेर काढून फिरवायचा. लाडू व्हायचा आणि मधोमध भेगाळायचा. "फुटला," तो म्हणायचा, दरवेळी नव्यानं वाईट वाटून. "परत," ती म्हणायची. परत. परत. आणि एका दुपारी तो फुटला नाही. गोल, गुळगुळीत, बोटांचे ठसेसुद्धा नाहीत. जगूनं तो तळव्यावर धरून तिच्यापुढे केला. त्याचे डोळे मोठे झाले होते. तिच्या तोंडून सवयीनं "छान!" निघून गेलं. वर्गात ती दिवसाला शंभरदा म्हणायची तसं. ते छान मग दिवसभर तिच्या टाळूला चिकटून राहिलं. पाणी प्यायली तरी जाईना.

छान. छान. हे तिला कुणीतरी म्हटलं होतं. कधी? ती आठ वर्षांची, मुगभाटात, कुणा लांबच्या मावशीच्या घरी. वडिलांचा दहावा होता म्हणून तिला सकाळीच तिकडे पोचवलं होतं. मुलीचं तिथं काम नाही. मावशीनं तिला चकचकीत कागद दिला आणि कमळं करायला बसवलं. पाकळी दुमडायची, काडीवर गुंडाळायची, ओढून काढायची, की ती आपोआप वळते. तिनं सबंध दुपार कमळं केली. मावशी छान म्हणाली. उर्मिलेला त्या दुपारचं दुःख आठवत नाही. आठवतो तो आनंद. कागदाचा वास, बाहेर कुठेतरी बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा, पाकळी वळल्यावर पोटात होणारी गुदगुल्यांसारखी हालचाल. वडील मेले होते आणि तिची बोटं आनंदात होती. संध्याकाळी घरी आली तर भावाचं डोकं तुळतुळीत, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की जणू तो कुठेतरी फार लांब जाऊन आला आणि ती मात्र इथंच राहिली. तिला सांगितलं होतं का? सांगितलं असणार. की कुणीच सांगितलं नव्हतं आणि तिला ते नुसतं कळत गेलं? तिला ते आठवेना. खरं म्हणजे तिला तेवढंच आठवायचं होतं. कुणी सांगितलं, कसं, कुठल्या शब्दांत. ते शब्द सापडले असते तर तिनं ते आता वापरले असते.

कारण तिला दिसत होतं. बाणगंगेच्या पायऱ्या. गार पाणी, पौषातलं. जगूला पंचा गुंडाळलेला, डोकं भादरलेलं, थरथरतोय. भटजी घाईत, त्यांना पुढं आणखी दोन. म्हण बाळ, बापाचं नाव घे. आणि बापाच्या नावाला जोडून तो शब्द, प्रेत, जो संस्कृत न येणारं मूलही ओळखतं. तिथं, परक्या लोकांत, ओल्या अंगानं त्याला पहिल्यांदा कळणार. आणि हातात काय असणार? तिनं शिकवलेला लाडू. मग तो तिच्याकडे बघेल. ती तिथं नसेल, तरी बघेल.

सांगावं. पण रखमाला शब्द दिलाय. आणि सांगून पोर बसलंच नाही तर? त्या म्हातारीला एवढंच हवंय. तिचा मुलगा परक्याच्या हातून जळला.

तिनं मालनला विचारून बघितलं. मालन, जगूची आई. मागच्या चाळीत, दाराआडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. उर्मिला दारात उभी राहून म्हणाली, "मालनबाई, जगूला सांगायला नको का?" मालननं मान वळवली. बराच वेळ ती उर्मिलेच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो जेवता ना तुमच्याकडे?" "जेवतो." "काय जेवता?" "आमटीभात." "तेका आमटी नको. नुसतो भात आवडता." आणि पुन्हा भिंत.

पुढची मागणी रखमानं जिन्यावरूनच केली. पाणी सोडायला शिकवा. हाताच्या पुढच्या बाजूनं नाही, अंगठ्याच्या बाजूनं. उर्मिलेनं त्याचा खेळ केला. एक तांब्या, एक परात. हातावर पाणी घ्यायचं आणि अंगठ्यावरून धार सोडायची, थेंब परातीबाहेर पडला की आऊट. जगूला धार बघायला आवडली. तो म्हणाला, नळ.

शकू हात मागे बांधून उभी. "बाई, असं नसतं सोडायचं. माझी आई मारते."

"का मारते?" बेबीनं विचारलं.

"ते मेलेल्या माणसांना सोडतात."

परातीत पाणी पडत राहिलं. जगू दुसरी ओंजळ भरून घेत होता. त्यानं ऐकलं की नाही ते कळेना. मुलं ऐकत नाहीत असं दिसतं तेव्हाच ऐकत असतात, हेही प्रशिक्षणातल्या बाईच सांगायच्या. "खेळ आहे हा, शकू," उर्मिला म्हणाली. "खेळात चालतं." शकूनं तिच्याकडे बघितलं. ते बघणं मोठ्या बाईचं होतं.

आणि मग ती दुपार. तिचा नवरा मनमोहन सकाळीच फोर्टात गेला होता, चालत. सरकारी कचेरी उघडली होती आणि गैरहजर राहणाऱ्यांची नावं वर जाणार होती. "शर्टाला पेन लावून जातो," तो दारात म्हणाला, "कारकून दिसलो की कुणी काही करत नाही." हा त्याचा विनोद. ती हसली नाही म्हणून तो जरा खट्टू होऊन गेला. तो दोनपर्यंत येणार होता. दोन वाजले, अडीच वाजले. ठाकूरद्वाराच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला, मग दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या, मग एक, दोन, फटाक्यासारखे पण फटाके नसलेले. सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि देवापाशी जाऊन बसल्या. उर्मिलेनं खिडकी लावली. मुलांना म्हणाली, चला, माती. कुठलंही काम, आत्ता. तिनं गोणपाट काढलं. स्वतःच्याच हातांना काहीतरी हवं होतं.

जगूनं आज घरून पुरचुंडी आणली होती. सोडली. काळे तीळ.

"संक्रांतीचे तीळ पांढरे असतात," शकू म्हणाली.

"हे वेगळे. आजीनं दिले. वरून लावायचे." तो कोपऱ्यातल्या पाटावर बसला. त्यानं तळवा ओला केला, खोलगट केला, माती फिरवली. किती सराईत झाला होता. लाडू पानावर ठेवून तो चिमटीनं एकेक तीळ लावू लागला, डोळे, नाक, तोंड करावं तसा. "हा बाबांना पाठवायचाय," तो म्हणाला. "आजी म्हणाली, बाबांना तिकडे भूक लागते."

उर्मिला खिडकीच्या फटीशी उभी होती. फटीतून वाडीचं तोंड दिसत होतं, रिकामं. पेन लावलेला शर्ट. शर्ट. खिशाशी. पेनाची शाई फुटली तर कशी पसरते, निळी. निळीच. तिनं डोळे मिटून घेतले. आत कुठेतरी ती मोजत होती आणि काय मोजते आहे ते तिला कळत नव्हतं.

"मीपण," मागून बेबी म्हणाली. "बघा बाई." वर्गाच्या वेळी आईला बाई म्हणायचं, हा बेबीचा स्वतःचा नियम. "हा माझ्या बाबांचा."

ती वळली. बेबीच्या ओल्या तळव्यावर लाडू होता. लहानसा, जरा चपटा. वर जगूकडून मागून घेतलेले काळे तीळ. आणि बेबी दुसऱ्या हातानं, अंगठ्यावरून, वाटीतलं पाणी त्याच्यावर सोडत होती.

मध्ये काय झालं? मध्ये काही नाही. एकदम तिचा हात मातीत होता. बेबीच्या तळव्यासकट तिनं तो लाडू फरशीवर दाबला होता, चिरडला होता, पुन्हा चिरडला होता, पसरून पसरून पुसून टाकला होता, आणि तिच्या घशातून एक आवाज निघत होता जो तिनं आधी कधी ऐकला नव्हता. बेबी रडलीसुद्धा नाही. तिचा चेहरा नुसता उघडा राहिला.

"बाई," शकू म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली. दोन पायऱ्या एकदम, मग एक. मनमोहन. तो दारात आला तेव्हा घामानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि पेन जागेवर होतं. "गल्लीबोळांतून आलो," तो म्हणाला, "पोर्तुगीज चर्चपर्यंत सगळं... काय झालं? काय चाललंय हे?" तेव्हा बेबीला रडू फुटलं. ती धावत जाऊन त्याच्या पायांना बिलगली. "आईनं माझा लाडू मोडला! तुमचा होता!" त्यानं तिला उचललं. चिखलाचे हात त्याच्या पाठीवर उमटले. सासूबाई आतून "आला गं बाई माझा" म्हणत बाहेर आल्या आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या.

उर्मिला फरशीवरच होती. तिला हलकं वाटत होतं, लाज वाटण्याइतकं हलकं. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

जगू बघत होता. आधी मनमोहनकडे. मग फरशीवर पसरलेल्या मातीकडे. पुन्हा दाराकडे, जिथून बेबीचे बाबा आत्ता आले होते. त्याचे डोळे त्या तीन ठिकाणी फिरत राहिले, साखळीच्या पट्ट्या जोडताना फिरायचे तसे, हिच्यात ही, हिच्यात ही. मग त्यानं केळीचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढे आणून ठेवलं. लाडू हलला नाही. उत्तम वळलेला होता.

"बाई, माझापण मोडा."

त्यानं पान आणखी पुढे सरकवलं.

"बेबीचा मोडलात."

"जगू, तो..." तो नीट झाला नव्हता, असं ती म्हणणार होती.

"माझा मोडा ना."

तिचे हात मातीनं भरलेले, मांडीवर पडलेले. ते उचलवत नव्हते. जगूनं थोडी वाट पाहिली. वर्गात पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, तेवढी. मग त्यानं आपला तळवा लाडवावर ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. माती बोटांच्या फटींतून वर आली. त्यानं ती पसरली, तिनं पसरली होती तशीच, पानभर. पान फाटलं. तीळ त्याच्या हाताला चिकटले. मग तो उभा राहिला आणि दाराकडे तोंड करून थांबला.

मनमोहनला काही कळत नव्हतं, पण त्यानं बेबीची पाठ थोपटायचं थांबवलं.

"आता येतील?" जगूनं विचारलं.

हो येतील, हे तिच्या जिभेवर तयार होतं. गावाहून येतील, बोटी सुरू झाल्या की येतील. ते वाक्य पूर्ण होतं, गुळगुळीत, कुठेही भेग नसलेलं. सासूबाईंनी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"नाही," उर्मिला म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो फुटला, साधा, मुलांना पाढा सांगताना असतो तसा. "नाही येणार, जगू. तुझे बाबा मेले. नाक्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात ते मेले. गावाला नाही गेले."

जगू दाराकडे बघत राहिला. मग त्यानं दाराकडे बघणं सोडून आपला तळवा बघितला आणि नखानं एकेक तीळ सोडवू लागला. सोडवलेले तीळ तो फाटलेल्या पानाच्या कडेला नीट जमवत होता. बराच वेळ लागला. कुणी त्याला थांबवलं नाही.

"मग त्यांना भूक लागते?" त्यानं विचारलं. "मेल्यावर?"

"मला माहीत नाही. तुझी आजी म्हणते, लागते."

त्यानं मान हलवली. आजीचं त्याला पटलेलं दिसलं. तो पाटावर जाऊन बसला, पसरलेली माती त्यानं ओंजळीत गोळा केली आणि दाबून बघितली. ती सुकायला लागली होती. तशी वळली असती तर मधोमध फुटली असती.

उर्मिला गुडघ्यांवर सरकत त्याच्या कोपऱ्यात गेली, त्याच्या पाटाला पाट लावून बसली, आणि तिनं त्याचा हात आपल्या हातात घेऊन पाण्यानं ओला केला.